बेटावरचा पंतप्रधान : मॉरिशसचा दाखला



पंतप्रधान म्हणजे कोण, असे विचारले तर आपल्यापैकी बहुतेकजण चटकन सांगतील की, देशाचा कारभार चालविणारा मुख्य माणूस. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. कारखान्यांच्या फाटकांवर सभा घेण्यात माझी तीस वर्षे गेली. तेथे कोणाही अधिकाऱ्याविषयी कामगार दोन प्रश्न हमखास विचारतात : याला येथे कोणी बसविले, आणि याला येथून उठविणार कोण? मुकादमाला मालक नेमतो, म्हणून मुकादम मालकाच्या तोंडाकडे पाहतो. युनियनच्या सरचिटणीसाला सभासद निवडतात, म्हणून त्याने सभासदांकडे पाहावयाचे असते. पंतप्रधानाने कोणाकडे पाहावयाचे? आजचा विषय एवढाच आहे.

हा विषय समजावून घेण्यासाठी मी मॉरिशस हे बेट निवडले आहे. मोठ्या देशाचा कारभार म्हणजे मोठ्या गिरणीसारखा असतो; एका खात्यातल्या माणसाला दुसऱ्या खात्यात काय चालले आहे याचा पत्ता नसतो. लहान देशात सगळी चाके एका नजरेत येतात. हिंदी महासागरातील या देशाचे क्षेत्रफळ, लहानसहान बेटे धरून, सुमारे २,०४० चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या साधारण चौथा हिस्सा. लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख. आणि दुसरे कारण असे की, त्या बेटावर ऊस तोडावयास गेलेल्या लोकांत आपली मराठी माणसेही होती. गणेश चतुर्थीला तेथे सरकारी सुटी असते, ती उगीच नव्हे.

मजुराची सही आणि पंतप्रधानाची खुर्ची

प्रथम ही खुर्ची आली कोठून ते पाहू. बेटावर आधी डच, मग फ्रेंच आणि १८१० पासून इंग्रज. १८३५ मध्ये तेथील गुलामगिरी कायद्याने संपली. उसाच्या मळ्यांना हात हवे होते, म्हणून १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारावर मजूर नेण्यास सुरुवात झाली. त्या वर्षी २ नोव्हेंबरला 'ॲटलास' जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. पुढे कलकत्ता, मद्रास व मुंबई या बंदरांतून जवळजवळ साडेचार लाख माणसे गेली. ती ज्या घाटावर उतरली तो 'आप्रवासी घाट' २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. करार कसा होता? एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. आपल्याकडे मस्टरवर खाडा पडला की एका दिवसाचा पगार जातो. तेथे दोन जात.

या माणसांना राज्यकारभारात आवाज नव्हता. मत मोजक्या मालमत्ताधाऱ्यांना होते. १९३६ मध्ये डॉ. मॉरिस क्युरे यांनी मजूर पक्ष स्थापन केला. इमान्युएल आन्केतिल यांच्यासारखे कामगार पुढारी त्यात होते. १९३७ मध्ये लहान शेतकऱ्यांच्या 'उबा' जातीच्या उसाला कमी भाव दिल्यावरून असंतोष पेटला, युनियन फ्लाक येथे गोळीबार झाला व माणसे मेली. १९३८ मध्ये गोदी कामगारांनी संप केला, तेव्हा आन्केतिल यांना रॉड्रिग्ज बेटावर हद्दपार करण्यात आले. २७ सप्टेंबर १९४३ रोजी बेल व्ह्यू हारेल येथे मजुरांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यात अंजले कूपेन ही गरोदर स्त्री आणि तिचे काही सोबती मारले गेले. आज तेथील एका क्रीडांगणाला तिचे नाव आहे.

मग आले १९४८ साल. बेटावरील एखादी भाषा ज्याला साधेपणाने लिहिता-वाचता येईल त्याला मत, असे ठरले. मतदारांची संख्या सुमारे बारा हजारांवरून सुमारे बाहत्तर हजारांवर गेली. ही माणसे शिकली कोठे? दिवसभर ऊस तोडून रात्री गावच्या 'बैठके'त जमावे आणि कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरवावी, अशी ती शाळा होती. बासदेव बिसुनदयाळ यांच्या चळवळीने गावोगाव लोकांना नाव लिहावयास शिकविले. अंगठ्याच्या जागी सही आली आणि सहीच्या मागून मत आले. १९५९ च्या निवडणुकीत सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांनी मत दिले. १९६१ मध्ये मजूर पक्षाचे डॉ. शिवसागर रामगुलाम मुख्यमंत्री झाले, १९६४ मध्ये त्याच पदाचा दर्जा वाढला, आणि १२ मार्च १९६८ रोजी, म्हणजे दांडीयात्रेच्या तिथीला, देश स्वतंत्र झाला तेव्हा ते पहिले पंतप्रधान झाले. इंग्रजांनी ही खुर्ची जहाजातून आणून ठेवली, असे जे म्हणतात त्यांनी हा इतिहास वाचावा. साचा इंग्रजी खरा. लाकूड मात्र उसाच्या मळ्यातले आहे.

नेमतो कोण, काढतो कोण

आता घटनेकडे वळू. मॉरिशसच्या संसदेला एकच सभागृह आहे. मुख्य बेटावर वीस मतदारसंघ, प्रत्येकातून तीन सभासद, म्हणजे साठ. रॉड्रिग्ज बेटावरून दोन. एकूण बासष्ट. शिवाय, ज्या जमातींना पुरेसे प्रतिनिधित्व मिळाले नसेल त्यांच्यासाठी पराभूत उमेदवारांतील उत्तम मते मिळविणाऱ्यांना आठपर्यंत जागा देण्याची सोय आहे. म्हणजे सभागृह फार तर सत्तर जणांचे.

१९९२ पर्यंत इंग्लंडची राणी देशाची प्रमुख होती व तिच्या वतीने गव्हर्नर-जनरल असे. १२ मार्च १९९२ पासून देश प्रजासत्ताक झाला आणि त्या जागी राष्ट्रपती आले. ज्या सभासदाला सभागृहातील बहुमताचा पाठिंबा आहे असे राष्ट्रपतींना दिसेल, त्याला ते पंतप्रधान नेमतात. इतर मंत्र्यांची नेमणूक पंतप्रधानाच्या सल्ल्याने होते. पंतप्रधान सोडून चोवीसपेक्षा अधिक मंत्री नेमता येत नाहीत. सभागृहाने अविश्वासाचा ठराव केला आणि तीन दिवसांत पंतप्रधानाने राजीनामा दिला नाही, तर संसद विसर्जित होणार असल्यावाचून राष्ट्रपतींनी त्याला काढावयाचे असते.

येथे एक गंमत ध्यानात घ्या. राष्ट्रपती पंतप्रधानाला नेमतात. पण राष्ट्रपतींची निवड कोण करतो? तीच संसद, आणि तीही पंतप्रधानानेच मांडलेल्या प्रस्तावावरून. मानाची पगडी एकाच्या डोक्यावर आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला, असा हा संसार आहे. राष्ट्रपती एखादे विधेयक फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. परंतु संसदेने तेच पुन्हा मंजूर केले तर सही करावीच लागते. २००२ मध्ये दहशतवादविरोधी विधेयकावर राष्ट्रपती कासम उतीम यांना सही करावयाची नव्हती. त्यांनी राजीनामा दिला. उपराष्ट्रपतींनीही तोच मार्ग धरला. शेवटी सरन्यायाधीशांनी हंगामी राष्ट्रपती म्हणून सही केली आणि कायदा झाला. उतीम यांची नीती उजळून निघाली; पण सत्ता कोठे आहे तेही त्या दिवशी उघड झाले.

बहुमत म्हणजे सर्वांत मोठा पक्ष नव्हे

पंतप्रधानपद बहुमतावर उभे असते, या वाक्याचा नेमका अर्थ १९७६ च्या निवडणुकीने शिकविला. डाव्या विचारांच्या 'मॉरिशियन लढाऊ चळवळ' या पक्षाला सत्तरपैकी ३४ जागा मिळाल्या. तो सर्वांत मोठा पक्ष होता. रामगुलामांच्या बाजूला २८ आणि सोशल डेमोक्रॅटांना ८. अठ्ठावीस आणि आठ मिळून छत्तीस झाले आणि रामगुलाम पंतप्रधान राहिले. ज्यांना चौतीस जागा मिळाल्या त्यांना हा अन्याय वाटला, यात नवल नाही. पण नियमाने पाहता सर्वांत मोठी गाठोडी कोणाची, हा प्रश्न नसतो. सभागृहात निम्म्याहून अधिक हात कोणासाठी वर होतात, हा असतो.

१९८२ मध्ये याच पक्षाच्या आघाडीने मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा जिंकल्या आणि अनिरुद्ध जगन्नाथ पंतप्रधान झाले. विरोधी पक्षाला सभागृहात पाय ठेवावयास जागा मिळाली ती प्रामुख्याने त्या पराभूतांसाठीच्या राखीव जागांमुळे. एवढे प्रचंड बहुमत किती टिकले? नऊ महिने. मार्च १९८३ मध्ये अर्थमंत्री पॉल बेरांजे आणि त्यांचे सहकारी मंत्रिमंडळातून बाहेर पडले, पक्ष दुभंगला. जगन्नाथांनी नवा पक्ष काढला, संसद विसर्जित करवून ऑगस्टमध्ये पुन्हा निवडणूक घेतली आणि ती जिंकली. यातून दोन गोष्टी निघतात. पंतप्रधानाचे बहुमत बाहेरच्यापेक्षा आतल्या माणसांकडून अधिक लवकर तुटते. आणि संसद विसर्जित करण्याचा सल्ला देण्याचा अधिकार हे त्याच्या हातचे सर्वांत धारदार हत्यार आहे. कारण बंड करू पाहणाऱ्या प्रत्येक सभासदाला पुन्हा मतदारांपुढे उभे राहण्याची धास्ती असते.

पंतप्रधान निवडणुकीवाचूनही बदलू शकतो. २००० साली दोन पक्षांनी आधीच ठरविले होते की, पहिली तीन वर्षे जगन्नाथ आणि पुढची दोन बेरांजे. त्याप्रमाणे ३० सप्टेंबर २००३ रोजी बेरांजे पंतप्रधान झाले. हे फ्रेंच वंशाचे. हिंदी वंशाच्या बाहेरचे पहिलेच पंतप्रधान. मतदारांना हा करार मतदानापूर्वी ठाऊक होता. २०१७ च्या जानेवारीत मात्र अनिरुद्ध जगन्नाथांनी पद सोडले आणि त्यांचे चिरंजीव प्रविंद जगन्नाथ, जे तेव्हा अर्थमंत्री होते, ते पंतप्रधान झाले. घटनेप्रमाणे त्यात काही वावगे नव्हते, कारण सभागृहातील बहुमत त्यांच्या मागे होते. तरीही बापाची जागा लेकाने घेतली, ही टीका झालीच. १९६८ पासून २०२४ च्या निवडणुकीपर्यंत या खुर्चीवर पाचच माणसे बसली आणि त्यांत बाप-लेकांच्या दोन जोड्या आहेत. आपल्यालाही हे दृश्य अगदीच अनोळखी नाही.

पाण्याने वेढलेला कारभार

बेट असल्याने पंतप्रधानाच्या कामात काय फरक पडतो? पहिला फरक असा की, त्याच्यापाशी खडे सैन्य नाही. पोलीस दल आणि त्यातलीच एक लढाऊ तुकडी, एवढाच बंदोबस्त. संरक्षण व गृह ही खाती पंतप्रधान बहुधा स्वतःकडेच ठेवतो. म्हणून बाहेरच्या बलाढ्य राष्ट्रांशी बोलताना त्याच्या हातात कागद आणि तोंडात शब्द, याखेरीज काही नसते.

याचा कडू अनुभव देशाने स्वातंत्र्याच्या आधीच घेतला. १९६५ मध्ये लंडनला वाटाघाटी चालू असता ब्रिटनने चागोस बेटे मॉरिशसपासून तोडली आणि तीस लाख पौंड देऊ केले. रामगुलाम तेव्हा वसाहतीचे प्रीमियर होते. पलीकडे ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन. एकाच्या हातात स्वातंत्र्य देणे, दुसऱ्याला ते घ्यावयाचे. ज्याने मालकाशी पगारवाढीचा करार केला आहे त्याला ही जागा ओळखता येईल : संप लांबला तर पोरांच्या पोटाला काय, आणि सही केली तर उद्या तोंड कसे दाखवावे. चागोसच्या रहिवाशांना पुढे १९७३ पर्यंत घरेदारे सोडावी लागली आणि डिएगो गार्सियावर अमेरिकेचा लष्करी तळ झाला. त्यानंतरच्या पंतप्रधानांनी तो दावा सोडला नाही. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मॉरिशसच्या बाजूने मत दिले आणि २२ मे २०२५ रोजी ब्रिटन व मॉरिशस यांनी करारावर सह्या केल्या. बेटांवरचे स्वामित्व मॉरिशसला आणि डिएगो गार्सियाचा वापर ९९ वर्षांच्या भाड्याने ब्रिटनला, असे त्यात ठरले.

दुसरा फरक असा की, बेट परक्या बाजारावर जगते. साखर युरोपला ठरल्या भावाने जाई. ती सवलत २००९ मध्ये संपली. १९७० पासून निर्यातीसाठी उभारलेल्या कापडाच्या कारखान्यांना २००५ च्या सुमारास जागतिक कोटा संपल्याचा फटका बसला. ज्याचा निर्णय ब्रुसेल्समध्ये किंवा जिनीव्हात होतो, त्याचा जाब पोर्ट लुईच्या रस्त्यावर पंतप्रधानाला विचारला जातो.

तिसरा फरक म्हणजे लपावयास जागा नसते. २५ जुलै २०२० रोजी 'वाकाशिओ' हे मालवाहू जहाज प्रवाळाच्या खडकावर चढले. काही दिवसांनी त्यातले सुमारे हजार टन तेल समुद्रात पसरले. सरकारची वाट न पाहता लोकांनी कापडात उसाचा पाला भरून तरंगते बांध शिवले आणि पाण्यात सोडले. २९ ऑगस्टला हजारो माणसे राजधानीत मोर्चाने आली. प्रश्न एकच होता : इतके दिवस तुम्ही काय करीत होता? मोठ्या देशात असा प्रश्न पंतप्रधानापर्यंत पोहोचेपर्यंत त्याचा कागद होतो. तेथे तो पायीच पोहोचतो.

लगाम कोठे आहे

आता या पदातील धोका सांगतो, कारण तो न सांगता खाली बसलो तर माझ्या धंद्याला ते शोभणार नाही. १९७१ मध्ये गोदी कामगारांच्या व इतर संपांनंतर डिसेंबरात आणीबाणी जाहीर झाली. पुढाऱ्यांना तुरुंगात टाकण्यात आले, संघटनांवर बंधने आली, वर्तमानपत्रांवर नियंत्रण आले. १९७२ मध्ये व्हावयाची निवडणूक १९७६ वर गेली. १९७३ च्या औद्योगिक संबंध कायद्याने संपाचा हक्क इतका आवळला की, तो कायदा जाऊन २००८ मध्ये दुसरा येईपर्यंत तेथील कामगार चळवळ त्याच्याशी झगडत राहिली. हे करणारे सरकार मजूर पक्षाच्या पंतप्रधानाचे होते, हे विसरू नका. त्याच पंतप्रधानाच्या कारकिर्दीत १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले, हेही विसरू नका. माणूस एकच, त्याच्याकडून काय करून घ्यावयाचे ते आपल्या जोरावर ठरते.

दुसरा धोका साध्या बेरजेतला आहे. सत्तर जणांच्या सभागृहात सरकारी बाजूला बेचाळीस सभासद आहेत, असे धरा. त्यांतले चोवीस-पंचवीसजण मंत्रिमंडळात बसले, तर मागच्या बाकावर उरले किती? सतरा-अठरा. पंतप्रधानाला कान पकडून सांगणारे स्वतःच्या पक्षातले लोक इतके थोडे असले की सभागृह मंत्रिमंडळाची सावली होऊन बसते. २०१९ मध्ये सुमारे ३७ टक्के मतांवर एका आघाडीने बासष्टपैकी ३८ जागा मिळविल्या. उलट १९८२, १९९५ आणि २०२४ या तीन निवडणुकांत एकाच बाजूने मुख्य बेटावरच्या साठही जागा नेल्या. घटनेच्या महत्त्वाच्या कलमांना हात लावण्यास तीन चतुर्थांश मते लागतात. ती अशा वेळी पंतप्रधानाच्या खिशात असतात.

मग लगाम आहे कोठे? काही घटनेत आहेत. विरोधी पक्षनेता हे घटनेने मान्य केलेले पद आहे आणि काही नेमणुका करताना त्याचा विचार घ्यावा लागतो. संसद बहुधा मंगळवारी भरते. त्या दिवशी पंतप्रधानाला सभासदांच्या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी वेळ राखलेला असतो, आणि विरोधी पक्षनेत्याला तातडीचा प्रश्न विचारण्याचा खास हक्क असतो. अखेरचे अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाते. २०१९ च्या निवडणुकीत पंतप्रधानांच्या निवडून येण्याला घेतलेली हरकत तेथपर्यंत गेली होती; ती २०२३ मध्ये फेटाळली गेली. पण पराभूत उमेदवार पंतप्रधानाला न्यायालयात खेचू शकतो, एवढे तरी त्यातून दिसले.

दुसरा लगाम मतपेटीचा. १९८२ मध्ये शिवसागर रामगुलाम, १९९५ मध्ये अनिरुद्ध जगन्नाथ, २०१४ मध्ये नवीन रामगुलाम आणि २०२४ मध्ये प्रविंद जगन्नाथ, हे चौघेही पंतप्रधान असताना स्वतःच्याच मतदारसंघात पडले. सरकार पडणे वेगळे आणि पंतप्रधानाला त्याच्याच गावच्या माणसांनी घरी पाठविणे वेगळे. जेथे मतदार आपल्या पंतप्रधानाला बाजारात, लग्नात, मयतीला पाहत असतो, तेथे हिशेबही तोंडावर होतो.

आणि तिसरा लगाम संघटनेचा. १ जानेवारी २०१८ पासून तेथे राष्ट्रीय किमान वेतन लागू झाले, ते अनेक वर्षांच्या मागणीनंतर. २०२४ च्या नोव्हेंबरात निवडून आलेल्या नवीन रामगुलामांनी अर्थखाते स्वतःकडेच ठेवले आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात वृद्धांच्या पेन्शनचे वय साठावरून टप्प्याटप्प्याने पासष्ट करण्याचे जाहीर केले. साठच्या साठ जागा देऊन अवघे सात महिने झाले होते. तरी कामगार संघटना रस्त्यावर उतरल्या. उन्हात ऊस तोडणाऱ्याची पाच वर्षे आणि कचेरीत बसणाऱ्याची पाच वर्षे सारखी नसतात, हे सरकारी आकडेमोडीला आपणहून दिसत नाही. ते दाखवावे लागते. मत देऊन झाले म्हणजे काम संपले, असे त्या लोकांनी मानले नाही.

श्रोतेहो, पंतप्रधान कोणाकडे पाहतो, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. तो सभागृहातील बहुमताकडे पाहतो, कारण ते त्याला आज काढू शकते. तो मतदाराकडे पाहतो, कारण तो त्याला पाच वर्षांनी काढू शकतो. मधल्या काळात, ज्या लोकांची संघटना आहे त्यांच्याकडे पाहणे त्याला भाग पडते. ज्यांची नाही त्यांना तो केवळ सणासुदीला हात हलवतो. तेव्हा कोणत्याही देशाच्या पंतप्रधानाची बातमी वाचाल, तेव्हा तो काय म्हणाला एवढेच वाचून पान उलटू नका. त्याच्यामागे किती हात आहेत, त्याला भर सभागृहात प्रश्न कोण विचारतो आणि त्याने निर्णय बदलावा म्हणून फाटकाबाहेर कोण उभे आहे, या तीन गोष्टी त्या बातमीत शोधा. तिसरी गोष्ट सापडली नाही, तर ती उणीव भरून काढण्याचे काम कोणाचे, याचाही विचार घरी जाताना करा.